आधीचा फोटो

डॉक्टर : हनुवटी थोडी वर. हं. आता डावा गाल माझ्याकडे. हलू नका काकू, हा शेवटचा.

आई : आधी मी काय म्हणते ते ऐकून तरी घ्या.

डॉक्टर : ऐकते ना. पण आत्ता तोंड मिटा, बोललात की गाल हलतो. ... झालं. आता या इकडे, स्क्रीनवर बघा. हा सहा महिन्यांपूर्वीचा, पहिल्या दिवशीचा. आणि हा आत्ताचा. बघितलंत?

आई : बघितलं.

डॉक्टर : बघितलं काय नुसतं! डोळ्याखालून थेट ओठाच्या कोपऱ्यापर्यंत व्रण होता. इतका खोल की बोट ठेवलं तर बोट बसायचं त्यात. पहिल्या दिवशी मी काय कबूल केलं होतं तुम्हाला?

आई : साठ टक्के.

डॉक्टर : साठ टक्के. पन्नास वर्षं जुन्या व्रणाला त्याहून जास्त कोणी कबूल करत नाही. आणि आता? डोळे मिटून हात फिरवला तर कुठे होता ते मलाच सांगता येणार नाही. चार वेळा लेझर, दोनदा सुईने खालून सोडवलं, पण तुमची कातडीच गुणी हो. दर वेळी आठवडाभर चेहरा लाल, चहाच्या पुडीसारख्या बारीक बारीक खपल्या, एकदाही नख लावलं नाहीत. नाहीतर लोक खाजवून माझ्या कामाची माती करतात. ... हे काय पण? इथे लाल कशाने झालंय?

आई : कुठे?

डॉक्टर : इथे, वरच्या बाजूला. रेघ उमटलीय बारीक. चोळता की काय?

आई : उशीची घडी असेल.

डॉक्टर : सकाळचे अकरा वाजलेत काकू. उशीची घडी अकरापर्यंत टिकते होय?

आई : डॉक्टर, हे परत करता येतं का?

डॉक्टर : परत कशाला? आता काही करायचं नाही. उन्हात जाताना मलम, टोपी, बास. गेलेला व्रण परत येत नाही, ती भीती मनातून काढून टाका.

आई : भीती नाही. मला तो परत हवाय.

डॉक्टर : काय?

आई : व्रण. होता तिथे, होता तसा. तुमच्याकडे यंत्र आहे, सुया आहेत, तुमचा हात हलका आहे. ज्या हातानं पुसलं त्या हाताला लिहायला काय अवघड?

डॉक्टर : बसा. आधी बसा तुम्ही. पाणी देऊ? घरी कोणी काही बोललं का?

आई : घरी बोलणारं आहे कोण! मी, माझा भाऊ आणि मुलगा. भाऊ बोलतो ते गमतीनं. शेजारणी कुठला साबण लावते म्हणून विचारायला येतात, आपण दुकान टाकू, असलं काहीतरी. आणि मुलगा तर बोलतच नाही.

डॉक्टर : रागावलाय?

आई : जन्मापासून बोलत नाही हो. तीस वर्षांचा आहे. आम्ही त्याला मौनी म्हणतो. बारशाला चांगलं नाव ठेवलं होतं, पण जो हाक मारली तरी वळत नाही, त्याला नाव घेऊन काय करायचंय. आलाय तो आज. बाहेर बसलाय मामाबरोबर.

डॉक्टर : सहा महिने येताय, एकदाही त्याचा उल्लेख नाही केलात.

आई : केला असता तर तुम्ही विचारलं असतंत.

डॉक्टर : काय विचारलं असतं?

आई : सगळे विचारतात तेच. 'हे त्यानं केलं का?'

डॉक्टर : थांबा. माझ्या कागदावर लिहिलंय... हे बघा, 'लहानपणी पत्र्यावर पडून.' तुम्हीच सांगितलंत.

आई : पडले नव्हते.

डॉक्टर : तरीच. पन्नास वर्षांचा व्रण इतका ऐकत नाही, मला वाटलंच होतं. व्रण खरा किती वर्षांचा होता?

आई : चोवीस. मौनी सहा वर्षांचा होता तेव्हा. मिक्सर सुरू केला मी, त्याला न सांगता. त्याला आवाज सोसत नाही. हातात काचेचा ग्लास होता, तो भिंतीवर फेकला, आणि मी मध्ये. मला मारायला नव्हता फेकला, डॉक्टर. आवाजाला मारला होता.

डॉक्टर : मी कुठे काही म्हटलं?

आई : तुम्ही नाही म्हटलं. पण मला सवय झालीय, कोणी म्हणायच्या आत सांगायची. तर रक्त बघून तो जवळ आला. आधी कधी आपण होऊन जवळ यायचा नाही हो तो. उचलून घेतलं तर लाकडासारखा ताठ. आणि त्या दिवशी आला, त्यानं बोट टेकवलं इथे, वर, आणि सावकाश खाली आणलं ओठापर्यंत. मग 'हूं' म्हणाला. सहा वर्षांत पहिल्यांदा काहीतरी म्हणाला.

डॉक्टर : आणि मग तेच सुरू झालं.

आई : चोवीस वर्षं. जेवायच्या आधी, घराबाहेर निघताना, बाहेरून आल्यावर. वरून खाली बोट, मग 'हूं', मग घास. घास तोंडाशी नेला आणि 'हूं' झालं नसेल, तर ओठ असे मिटून घेणार की पक्कड लावा. देवानं त्याला एकच शब्द दिला बघा बोलायला, आणि तो माझ्या गालावर ठेवला. आणि मी काय केलं, तुमच्याकडे येऊन तो खोडून घेतला.

डॉक्टर : पण का, काकू? हे सगळं माहीत असून?

आई : माहीत कुठे होतं! मला वाटायचं, तो मला ओळखतो आणि रेघेशी खेळतो. तो रेघेला ओळखतो हे मला पुसल्यावर कळलं.

डॉक्टर : आवाज ओळखत नाही तुमचा?

आई : आवाजाशी त्याचं कधी जमलंच नाही. मी बोलले की कानांवर हात. डोळ्यांत तर तो कुणाच्याच बघत नाही. आता काय करतो सांगू? मी समोर उभी असते. बोट टेकवतो, खाली आणतो. मग दुसरा गाल बघतो. मग मला बाजूला सारतो, हळूच, परक्याला सारतो तसं, आणि घरभर शोधतो. दारामागे, पलंगाखाली, मोरीत. कपाट उघडून माझे कपडे हुंगतो. आणि मग माझ्याकडे अशा नजरेनं बघतो की हिनं तिचे कपडे का घातलेत.

डॉक्टर : किती दिवस झाले?

आई : गेल्या वेळच्या खपल्या पडल्या तेव्हापासून. चार आठवडे. आधीच्या तीन वेळांनंतर रेघ उथळ झाली होती, पण होती. तो बोट जास्त दाबायचा, नखानं चाचपायचा, पण सापडायची. मला मेलीला तेव्हाही कळलं नाही. मला वाटलं, नखं वाढलीत, कापायला हवीत.

डॉक्टर : जेवत नाही मग?

आई : मामाच्या हातचं दूध घेतो, केळं घेतो कधी. सहा किलो उतरलाय. पँट नाडीनं बांधते.

डॉक्टर : पण तुम्ही आलात कशासाठी तेव्हा? हौसेनं आलेली माणसं मला कळतात. तुम्ही त्यातल्या वाटला नव्हता.

आई : हौस कसली! माझ्या झडपेचं तर तुम्हाला माहीत आहे.

डॉक्टर : हो. तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच मी हात लावला होता.

आई : ते म्हणाले, ऑपरेशन करायला हवं, आणि हसून म्हणाले की सगळं नीट आवरून या. डॉक्टर लोक हसून म्हणाले की मला कळतं. आवरायचं म्हणजे काय? भांडी-कुंडी मागे राहिली तरी चालतील. आवरायचा तो हाच एक. भाऊ साठीला आला, गुडघे गेलेत त्याचे. म्हणून अशा मोठ्या मुलांना ठेवून घेतात त्या संस्थांकडे गेले. फॉर्म असतो. त्यात एक रकाना असतो, 'मुलाने कोणाला इजा केली आहे का?' पहिल्या ठिकाणी खरं लिहिलं. त्यांनी पत्र पाठवलं, फार गोड पत्र, 'आपल्या धैर्याचं कौतुक वाटतं.' ठेवलं नाही. दुसऱ्या ठिकाणी 'नाही' लिहिलं. समोरच्या बाईंनी फॉर्म वाचला, मान वर केली, माझ्या गालाकडे बघितलं आणि फॉर्म मिटला. तिसऱ्या ठिकाणी तर फॉर्म उघडलासुद्धा नाही.

डॉक्टर : म्हणून.

आई : म्हणून. हात खोटं लिहितो, पण तोंड खरं वाचून दाखवतं. देवापुढे बसून म्हटलं होतं, याच्या नावाचा हा डाग माझ्या तोंडावरून जाऊ दे. त्यानं ऐकलं. त्याचं काही चुकलं नाही, मागणारीचं चुकलं.

डॉक्टर : आणि चौथी संस्था?

आई : मिळाली. पंधरा दिवसांपूर्वी जाऊन आले. बाई चांगल्या आहेत. माझ्याकडे बघून म्हणाल्या, तुमचा चेहरा किती शांत आहे. सोमवारी आणा म्हणाल्या.

डॉक्टर : या सोमवारी?

आई : या सोमवारी. आज बुधवार. म्हणून म्हणते, घाई आहे. तो तिथे जायच्या आधी एकदा, एकदाच, त्यानं वरून खाली बोट न्यावं आणि 'हूं' म्हणावं. म्हणजे निघताना त्याला कळेल की आई भेटली होती, आईनंच सोडलं. नाहीतर तो समजणार, आई आधीच हरवली आणि कोणा बाईनं आपल्याला नेऊन टाकलं.

डॉक्टर : काकू, नीट ऐका. मी तुम्हाला खोटी आशा देणार नाही. मी कापलं तर जखम होईल, व्रण होणार नाही. व्रण शरीर करतं, त्याला महिने लागतात, आणि तो कसा होईल ते माझ्या हातात नसतं. खोल गेला होता तो आता फुगून वर येईल. त्याच्या बोटाला भिंत लागेल, ओहोळ नाही. आणि तुमच्या झडपेत जखमेतला जंतू गेला तर ऑपरेशनपर्यंतही पोचणार नाही तुम्ही.

आई : जखम तर जखम. पहिल्यांदा त्यानं जखमेवरच बोट ठेवलं होतं.

डॉक्टर : मी नाही करणार.

आई : मी लिहून देते. काय झालं तर माझी जबाबदारी.

डॉक्टर : लिहून दिलंत तरी नाही. मी डागडुजी करणारी बाई आहे, चांगल्या कातडीवर सुरी चालवायची नाही मला.

आई : ही चांगली आहे होय! माझ्या काय कामाची ही?

डॉक्टर : बाहेरून काही करून बघितलंत? पेन्सिलीनं रेघ, किंवा...

आई : बघितली. त्याला डोळ्यांची रेघ नको, बोटाची हवी. त्यानं पेन्सिल पुसून टाकली आणि बोट माझ्याच बाहीला पुसलं. भाऊ म्हणाला, कणीक लावून बघ. तीही लावली. ती वाळून पडली त्याच्या मांडीवर.

डॉक्टर : आणि ही लाल रेघ उशीची नाहीये.

आई : स्वेटर विणायची सुई आहे. दहा नंबरची.

डॉक्टर : काकू!

आई : बोथट असते हो ती. टेबलावर ठेवायची, तिच्यावर गाल टेकायचा, वर हातानं डोकं दाबून धरायचं. वीस मिनिटं. मग उठायचं आणि धावत त्याच्यासमोर जायचं, कारण खाच दोन-तीन मिनिटंच राहते. तुमची कातडी फार लवकर भरते डॉक्टर, फारच चांगली केलीत तुम्ही. परवा तो अर्ध्यापर्यंत आला होता. इथपर्यंत. चेहरा बदलला त्याचा, मी बघितला. आणि पुढची रेघ भरून आली. तो थांबला. परत वर गेला, परत सुरू केलं. तिसऱ्यांदा गेला तेव्हा काहीच नव्हतं तिथे.

डॉक्टर : (डोळे पुसते.)

आई : तुम्ही कशाला डोळे पुसता! तुम्ही तुमचं काम चोख केलंत.

डॉक्टर : तुम्ही निदान मला सांगायला हवं होतं. कसा झाला, कोणी केला.

आई : सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत?

डॉक्टर : विचारलं असतं, त्याला काय वाटेल म्हणून.

आई : आणि मी म्हटलं असतं, त्याला काय कळतंय. आईच असं म्हणते, मग दुसऱ्यांचं काय घेऊन बसलात! एक गोष्ट सांगू? माझ्या लहानपणी एक बुवा यायचे, गाऊन सांगायचे. एक माणूस होता. त्याला घराच्या उंबऱ्याची रोज ठेच लागायची. तो देवाला म्हणाला, एवढा उंबरा काढून टाक. देव म्हणाला, बघ हं, विचार कर. हा म्हणाला, विचार काय करायचा, अंगठा फुटलाय माझा. देवानं काढला. संध्याकाळी माणूस घरी आला, चालत राहिला, चालतच राहिला, मागच्या दारानं बाहेर पडला तरी त्याला कळेना की आपण घरात शिरलो होतो. बुवा इथे थांबायचे आणि टाळ खाली ठेवायचे. आम्ही पोरं हसायचो. वेडा कुठला, म्हणायचो.

डॉक्टर : पुढे काय होतं गोष्टीत?

आई : पुढे देव उंबरा परत बसवतो. पण ते बुवांच्या गोष्टीत.

मामा : ताई... आत येऊ का? माफ करा हं डॉक्टर, दार वाजवायला हात रिकामा नव्हता. या हातात पिशवी, त्यात दुधाची बाटली, केळी, याचा टॉवेल. वरात निघालीय नुसती.

आई : तू त्याला एकटा सोडून आलास? वेडाबिडा आहेस का?

मामा : एकटा नाहीये तो. म्हणजे, तेच सांगायला आलो. तू जरा बाहेर ये.

आई : काय केलं त्यानं? काही फोडलं का? कुणाला लागलं का?

मामा : नाही गं बाई. कोणी नाहीच बाहेर, ती फोन घेणारी मुलगी आहे फक्त, तीपण मान खाली घालून बसलीय. तो उभा आहे. भिंतीशी.

डॉक्टर : कुठल्या भिंतीशी?

मामा : तुमच्या त्या फोटोंच्या. 'आधी' आणि 'नंतर' लिहिलंय ती काच. पाऊण तास नुसता फेऱ्या मारत होता, मी मागे मागे, गुडघे धरून. मग तिथे गेला आणि थांबला. ताई, तुझा आधीचा फोटो लावलाय तिथे.

आई : माझा?

डॉक्टर : मी लावलाय. परवाच. तुम्ही सही केली होती पहिल्या दिवशी, फोटो दाखवायला हरकत नाही म्हणून.

आई : मी कुठे वाचलं तेव्हा. तुम्ही पेन दिलंत, मी सही केली.

डॉक्टर : डोळ्यांवर काळी पट्टी लावलीय, ओळखू येऊ नये म्हणून.

मामा : त्याला आलं ओळखू.

(तिघंही बाहेरच्या खोलीत येतात. मौनी त्यांच्याकडे पाठ करून भिंतीशी उभा आहे.)

आई : मौनी. अरे राजा.

मामा : हाक मारू नकोस. कानावर हात नेईल, मग बोट सुटेल. नुसतं बघ.

आई : काचेवर फिरवतोय.

मामा : वरून खाली. मघापासून. काच गुळगुळीत आहे, लागत काही नसणार बोटाला. पण डोळ्यांनी धरून नेतोय बघ, रेघेवरून एक केसभर बाजूला जात नाही.

डॉक्टर : मोठा करून लावला होता मी. रेघ नीट दिसावी म्हणून.

आई : तुम्ही तर म्हणालात, त्याला डोळ्यांची रेघ चालत नाही... नाही, मीच म्हणाले. माझ्या गालावर काढलेली त्याला नको होती. इथे चालली.

मामा : इथे ती खोटी नाहीये, ताई.

आई : गप्प. गप्प बस. ... ऐकलंस?

मामा : काय?

आई : 'हूं' म्हणाला. भाऊ, 'हूं' म्हणाला तो! केळं दे, केळं! अरे सोलत काय बसलास, दे इकडे!

मामा : घे, घे. अगं सालीसकट देशील त्याला.

आई : आ कर, बाळा. ... घेतलं. डॉक्टर, घेतलं त्यानं.

डॉक्टर : हो. बघतेय मी.

आई : माझ्या हातचं घेतलं. चार आठवड्यांनी. अजून आहे का पिशवीत?

मामा : चार आहेत. दूध आहे. हळू दे, ठसका लागेल.

डॉक्टर : काकू, हा फोटो मी काढून देते तुम्हाला. काचेसकट. सोमवारी त्याच्याबरोबर पाठवा. त्याच्या पलंगाशी लावायला सांगा, जेवायच्या जागी दुसरा. मी अजून दोन छापून देते आज. पट्टी काढून देते, डोळेसुद्धा दिसतील.

आई : नको.

डॉक्टर : का?

आई : पट्टी राहू दे. डोळे दिसले तर त्या बाई ओळखतील. मग म्हणतील, हे तर तुम्हीच. आणि मग गालाचं विचारतील. आणि मग फॉर्म बघतील.

मामा : आणि पट्टी लावलेला बघून विचारणार नाहीत वाटतं त्या? हे कोण म्हणून?

आई : सांगू.

मामा : काय सांगशील?

आई : सांगेन, होती एक बाई. शेजारी राहायची. त्याला लळा होता तिचा.

मामा : होती?

आई : मग काय सांगू? तूच सांग, तुला सुचतंय का काही चांगलं? बोल ना. एरवी तर तोंड थांबत नाही तुझं.

मामा : नाही गं. थांब, दुसरं केळं सोलतो.

डॉक्टर : मी त्या बाईंशी बोलू का? डॉक्टर म्हणून. समजावून सांगते सगळं, की तो कोणाला...

आई : समजावून पहिल्या संस्थेलाही सांगितलं होतं डॉक्टर. त्यांनी समजून घेतलं होतं. पत्रात लिहिलं होतं तसं.

डॉक्टर : मग मी काय करू? सांगा मला. काहीतरी सांगा.

आई : काही नका करू. त्या मुलीला सांगा, फोन वाजला तर लगेच उचलायला. त्याला आवाज सोसत नाही.

डॉक्टर : फोनच काढून ठेवते.

मामा : दुसरं केळं घे, ताई. सोललंय.

आई : आ कर, राजा. आ. ... अरे, आता का तोंड वळवतोस? इकडे बघ. आत्ता तर घेत होतास. काय झालं याला? भाऊ, तू जरा बाजूला हो. उजेडाच्या आड येतोयस तू, त्याला फोटो दिसत नसेल.

मामा : मी नाहीये, ताई.

आई : मग?

मामा : तू आहेस आड.

आई : हो का. ... सरकते हं, बाळा. सरकले बघ. आता कर आ.